इनचार्ज सिस्टर ४५ देतात, मी २८ देते : मार्क कुणाचे धरायचे?

प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटर ताईंचा आहे. त्यांच्या शब्दांत, थोडक्यात: "बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मेडिकल-सर्जिकल पोस्टिंग संपली. एका मुलीला वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरनी ५० पैकी ४५ दिले, मी २८ दिले, माझ्या सहकारी ट्यूटरनी ३८. प्राचार्य म्हणतात, सरासरी काढा, ३७ टाका, विषय संपवा. पण मला पटत नाही. कुणाचं खरं मानायचं? आणि पुढच्या बॅचला हा घोळ होऊ नये म्हणून काय करू?"

ताई, सरासरी आत्ता काढू नका. ३७ हा आकडा त्या मुलीबद्दल काहीच सांगत नाही. तिघींनी काहीतरी पाहिलंय. ते काय पाहिलं हे बाहेर येण्याआधीच ३७ टाकले, तर तुमच्याकडे जी खरी माहिती आहे ती फाइलमध्ये पुरली जाईल. मी आधी वॉर्डात स्टाफ नर्स, मग सिस्टर इनचार्ज आणि त्यानंतर बरीच वर्षं ट्यूटर म्हणून धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत काम केलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचा हिशेब करू. क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या शिकण्याला, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण. सकाळची ड्युटी आठ ते दोन, म्हणजे ३६० मिनिटं. दहा जणांत वाटली तर एकीच्या वाट्याला ३६ मिनिटं आली. त्यातून ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं), डॉक्टरांचा राउंड, हजेरी, कुणाचा केअर प्लॅन तपासणं, कुणाला दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं हे सगळं वजा करा. दिवसाला दहा-बारा मिनिटं एका मुलीकडे नीट पाहिलं, तर तो चांगला दिवस. आणि आपण आलो की वॉर्डातली हवा बदलते. मुलगी ट्रे पुन्हा लावते, ॲप्रन सारखा करते, पेशंटशी पुस्तकी मराठीत बोलायला लागते. तुम्ही २८ दिलेत ते बहुधा अशाच मिनिटांवर.

सिस्टरनी ती मुलगी महिनाभर पाहिली. औषधांच्या वेळेला ती कुठे असते, बेल वाजली की उठते की मोबाईल बघते, म्हाताऱ्या पेशंटला बेडपॅन द्यायला नाक मुरडते का, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण त्यांच्या ४५ मध्ये आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, कृतज्ञता. मी इनचार्ज असताना ज्या वॉर्डात होते तिथे माणसं कायम कमी पडायची. एखादी मुलगी न सांगता बारा जणांचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेऊन यायची तेव्हा मला तिचे पाय धरावेसे वाटायचे. तिला मी ४५ च देणार. तिने ते बारा टीपीआर कसे घेतले, हे पाहायला मला सवड नव्हती.

श्वासाचंच घ्या. संध्याकाळच्या चार्टवर नजर टाका: १८, २०, २०, २०, १८, २०. न्यूमोनियाचा पेशंट आणि हर्नियाचं ऑपरेशन होऊन पडलेला पेशंट, दोघांचे श्वास सारखेच. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात, तेही पेशंटला न कळू देता. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर छातीवर ठेवायची, कारण मोजतायत हे कळलं की माणूस श्वास बदलतो. हे करणारी मुलगी आणि २० लिहून पुढच्या खाटेकडे जाणारी मुलगी, चार्टवर दोघी सारख्या दिसतात. फरक फक्त त्या खाटेपाशी उभं राहून, घड्याळाकडे पाहत जी मूल्यमापन करते तिलाच दिसतो. त्यामुळे पहिली अट अशी ठेवा की जिने प्रत्यक्ष पाहिलं नाही तिने त्या बाबीला मार्क द्यायचे नाहीत, रकान्यात "पाहिलं नाही" असं लिहायचं. आपल्याकडे रकाना रिकामा सोडायला लाज वाटते, म्हणून सगळ्या जणी सगळं भरतात. इथूनच आकडे खोटे व्हायला लागतात.

भरलेलं सगळं एकसारखंही होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली हे मांडलं होतं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव अशा वेगवेगळ्या गुणांसाठी दिलेले दर्जे प्रमाणाबाहेर जुळत होते. एकूण माणूस आवडला की सगळ्या रकान्यांत वर, नाही आवडला की सगळ्यांत खाली. त्यांनी याला हेलो, म्हणजे प्रभावळ, असं नाव दिलं. आपल्या वॉर्डात ही प्रभावळ इस्त्रीच्या युनिफॉर्मला असते, इंग्रजी फाडफाड बोलण्याला असते, ट्यूटरला पाहून तत्परतेने "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणण्याला असते.

या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगते. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही. कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात आमच्या विद्यार्थिनींची पोस्टिंग होती. त्यात धडगावकडची, पावरा समाजातली एक मुलगी होती. माझ्यासमोर ती कायम मान खाली घालायची. विचारलं तर एका शब्दात उत्तर. त्या दिवशी ती एका आईशेजारी जमिनीवर बसली होती, मांडीवर वाटी, आणि पावरीत हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मला पावरी येत नाही. मी पाच मिनिटं उभी राहिले, मुलीने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, मी संवादाच्या रकान्यात १० पैकी ४ टाकले आणि पुढे गेले.

दुपारी वॉर्डातल्या मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, ही पोरगी नसती तर ती बाई कालच लेकरू घेऊन निघून गेली असती." पेरणीचे दिवस होते. घरी दुसरी दोन मुलं, नवरा शेतात. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, एवढंसं पातळ एफ-७५ दूध (कुपोषित बाळांना सुरुवातीला देतात ते) का पाजायचं, बाळ भुकेलं दिसतंय तर भरपूर का द्यायचं नाही, हे त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असेल तर तिला कळणार नाही अशा भाषेत. त्या मुलीने ते सांगितलं. वाटीत किती रेघेपर्यंत दूध घ्यायचं ते बोट ठेवून दाखवलं, आईकडून एकदा करवून घेतलं, आणि रात्री ड्युटी नसताना हॉस्टेलवरून येऊन ती बाई थांबली आहे ना ते पाहून गेली. मी ज्याला ४ दिले तो आमच्या बॅचमधला त्या महिन्यातला सगळ्यात चांगला संवाद होता. मला तो ऐकूच आला नव्हता.

तेव्हापासून मी एक ठरवलं. सातपुड्यात आणि त्याच्या पायथ्याशी, अक्कलकुवा, तळोदा, धडगाव या भागात संवादाचं मूल्यमापन करायचं, तर मूल्यमापकांमध्ये पावरी किंवा भिली समजणारं एक तरी माणूस हवं. स्टाफ नर्स असो, ब्रदर असो, आशाताई असोत. इकडे चोपडा, अमळनेर, पारोळा पट्ट्यात अहिराणीचं तसंच आहे. "कथा दुखस माय?" असं विचारणाऱ्या मुलीला अशुद्ध बोलते म्हणून मार्क कापणारे परीक्षक मी पाहिले आहेत. त्या तीन शब्दांनी म्हातारी जे सांगते, ते "आजी, वेदना नक्की कुठे होत आहेत?" या वाक्याने सांगत नाही.

आता गणिताकडे. एकीपेक्षा चौघींचं मत जास्त भरवशाचं, हे आपल्याला मनातून माहीत असतं. चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी १९१० मध्ये, दोघांनी वेगवेगळं काम करून, त्याचं सूत्र मांडलं. समजा एका मूल्यमापकाच्या मार्कांची विश्वासार्हता, शून्य ते एक या मापात, ०.४ आहे. म्हणजे बेताचीच. दोन मूल्यमापक घेतले तर ती ०.५७ होते, चार घेतले तर ०.७३, सहा घेतले तर ०.८०. एकच ट्यूटर कितीही अनुभवी असली तरी तिला एकटीने हा पल्ला गाठता येत नाही, पण साध्या चौघी-सहा जणी मिळून गाठतात. मात्र यात एक मोठी अट आहे. प्रत्येकीने स्वतंत्रपणे पाहिलेलं आणि स्वतंत्रपणे लिहिलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे काय होतं? एकच मूल्यमापन पत्रक वॉर्डातून वॉर्डात फिरतं. पहिल्या सिस्टरचे ४० दिसतात, दुसरी ४१ लिहिते, तिसरी ३९. कागदावर तीन सह्या, पण मूल्यमापक एकच. एकाच विहिरीतून चार बादल्या काढून चार विहिरींचं पाणी तपासलं असं म्हणता येत नाही. प्रत्येकीला वेगळा कागद द्या, बंद पाकिटात घ्या, आणि सगळे येईपर्यंत कुणाचा कागद कुणाला दाखवू नका.

पेशंटही वेगवेगळे हवेत, हे तितकंच महत्त्वाचं. डायबेटिक फूटचं ड्रेसिंग सुरेख करणारी मुलगी दम्याच्या पेशंटपाशी गोंधळते. म्हणूनच रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत १९७५ साली ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा सुरू केली, तेव्हा विद्यार्थी स्टेशनवरून स्टेशनवर जाईल आणि प्रत्येक स्टेशनवर काम वेगळं, परीक्षक वेगळा अशी रचना केली. नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात ओस्की आली हे चांगलं झालं. पण जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये काढलेला पिरॅमिड डोळ्यांसमोर ठेवा: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवते, आणि सगळ्यात वर, रोजच्या कामात करते. ओस्की तिसऱ्या पायरीपर्यंत नेते. चौथी पायरी वॉर्डातच पाहावी लागते.

पत्रकाबद्दल. "वर्तन: उत्तम / चांगले / समाधानकारक" असले रकाने काढून टाका. माझं "चांगले" आणि तुमचं "चांगले" यांत तापीच्या दोन काठांइतकं अंतर असतं. त्याऐवजी डोळ्यांना दिसणारी कृती लिहा. औषध देण्याआधी पेशंटला स्वतःचं नाव सांगायला लावलं आणि ते केसपेपरशी ताडलं. "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं तर ते धरायचं नाही, कारण ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि जळगावच्या वॉर्डात एका वेळी चार पाटील सहज सापडतात. असं एक-एक वाक्य लिहायला वेळ लागतो, पण एकदा लिहिलं की वर्षानुवर्षं पुरतं. प्रत्येक पत्रकाच्या खाली दोन ओळी मोकळ्या सोडा: "काय पाहिलं ते लिहा." मार्कांपेक्षा मला त्या दोन ओळींचा जास्त उपयोग झाला आहे.

पोस्टिंग सुरू होण्याआधी सगळ्या मूल्यमापकांना स्किल लॅबमध्ये अर्धा तास बोलवा. एका ट्यूटरने एखादी प्रोसिजर करून दाखवायची, त्यात ठरवून दोन-तीन चुका पेरायच्या, बाकीच्यांनी न बोलता मार्क द्यायचे आणि मग सगळे कागद एकदम उघडायचे. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा हात धुण्याच्या एका बाबीला निम्म्या जणींनी पूर्ण मार्क दिले होते, निम्म्या जणींनी शून्य. वाद झाल्यावर उलगडलं की काही अनुभवी सिस्टरच्या मते ग्लोव्हज घालायचे असतील तर आधी हात धुवायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हात स्वच्छ करायच्या पाच वेळा स्पष्ट दिल्या आहेत, ग्लोव्हजने त्यातली एकही माफ होत नाही. हँडरब (अल्कोहोलचं द्रावण) असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. म्हणजे मार्कांतली ती तफावत मुलींची नव्हतीच, आमचीच होती, आणि आम्ही कित्येक वर्षं त्याचे मार्क मुलींच्या नावावर कापत किंवा टाकत आलो होतो. त्या अर्ध्या तासाने मला जे शिकवलं ते एखाद्या वर्कशॉपने शिकवलं नाही.

सरासरी कधीच चालत नाही अशी एक जागा आहे, ती म्हणजे पेशंटचा जीव. चुकीच्या पेशंटला औषध, डोसाच्या हिशेबात दशांश चिन्हाची चूक, पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता थेट शिरेतून द्यायला निघणं. पाच जणींपैकी चौघींनी ९० टक्के दिले आणि एकीने हे पाहिलं, तर त्या एकीचा कागद बाकी चौघींवर भारी. तिथे मार्क नाहीत. काम थांबवायचं, तारीख, वेळ, खाट, नेमकं काय घडलं ते लिहायचं, मुलीला पुन्हा शिकवायचं आणि पुन्हा पाहायचं. अशा बाबींची छोटी यादी प्रत्येक पोस्टिंगसाठी आधीच ठरवा आणि मुलींना पहिल्या दिवशी वाचून दाखवा. मागाहून सांगितलं तर ते अन्यायाचं होतं.

आता अवघड भाग. आपण नापास करायला कचरतो. कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये स्कॉटलंडमधल्या नर्सिंग मेंटर्सचा अभ्यास केला, त्यात हेच दिसलं: शंका असूनही पुढे ढकललं जातं. आपल्याकडे कारणं आपली असतात. बाप सालदार आहे, लग्न ठरलंय, वर्ष गेलं तर घरचे शिक्षण बंद करतील. मीही या कारणांपुढे झुकले आहे. अनेक मूल्यमापक असले की हा भार वाटला जातो, एकटीच्या डोक्यावर "हिने माझं वर्ष घालवलं" हे येत नाही. पण उलटंही होऊ शकतं. प्रत्येकीला वाटतं, दुसरी कुणीतरी लिहीलच. त्यामुळे पोस्टिंगच्या मध्यावर, शेवटी नव्हे, सगळ्यांचे कागद एकदा गोळा करा आणि मुलीला बसवून सांगा. गरीब घरच्या मुलीवर खरी दया करायची तर ती दुसऱ्या आठवड्यात करायची असते, तिला सुधारायला अजून दोन आठवडे हातात असताना.

पेशंटला विचारावं का? विचारावं, पण "मुलगी कशी आहे?" असं विचारलं तर खान्देशातलं कुणीही माणूस "चांगली शे पोरगी" असंच म्हणणार. त्यांना त्या मुलीच्या पोटावर पाय द्यायचा नसतो. त्यांना घडलेलं विचारा: सुई द्यायच्या आधी तिने नाव विचारलं होतं का? गोळी कशाची ते सांगितलं होतं का? सोबतच्या मुलींकडून एकमेकींचं मत घ्यायचं तर ते फक्त शिकण्यासाठी घ्या, मार्कांत धरू नका. हॉस्टेलच्या खोलीत राहायचं त्यांना आहे.

इनचार्ज सिस्टरना कसं सोबत घ्यायचं, याकडे फार लक्ष द्या. त्यांना या कामाचं मानधन नसतं, वेळ नसतो, आणि आपण त्यांच्या हातात चाळीस रकान्यांचं पत्रक देऊन सही मागतो. तसं करू नका. ड्युटी संपताना पाच मिनिटं बसा आणि एकच प्रश्न विचारा: "सिस्टर, उद्या रात्रपाळीला ही एकटीच तुमच्या सोबत असली तर कोणतं काम हिच्यावर डोळे झाकून सोपवाल, आणि कोणतं करताना पाठीशी उभ्या राहाल?" या प्रश्नाला त्या कधीही गुळमुळीत उत्तर देत नाहीत. "इनपुट-आउटपुट (पेशंटच्या पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं त्याची नोंद) देईन, इन्सुलिन नाही देणार, हिचा हिशेब कच्चा आहे." ४५ पेक्षा हे वाक्य कितीतरी जास्त सांगतं. ते त्यांच्यासमोरच लिहून घ्या.

पुढच्या बॅचसाठी वेळेचं भागतं का, हेही पाहू. दहा मुली, चार आठवड्यांची पोस्टिंग, कामाचे २४ दिवस. प्रत्येकीची सहा छोटी निरीक्षणं, प्रत्येक वेळी वेगळा पेशंट, किमान तीन वेगळ्या मूल्यमापक. एका निरीक्षणाला पंधरा मिनिटं पाहणं आणि पाच मिनिटं तिथेच मुलीशी बोलणं. साठ निरीक्षणं, १,२०० मिनिटं, म्हणजे वीस तास. दिवसाला पन्नास मिनिटं, तीही तिघी-चौघींत वाटून. एवढा वेळ आपण रोज लॉगबुकवर सह्या करण्यात घालवतो. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला इंटर्नल आणि एक्स्टर्नल दोघं मिळून जे मार्क देतात त्याची पद्धत आपल्या हातात नाही. पण अंतर्गत मूल्यमापनाची निरीक्षणं कुणी, किती आणि कशी करायची हे कॉलेज ठरवू शकतं, त्यामुळे प्राचार्यांकडे हा वेळेचा हिशेबच घेऊन जा.

आणि आत्ताच्या त्या मुलीचं? या आठवड्यात तिघी एकत्र बसा. आधी प्रत्येकीने न बोलता लिहायचं: कोणत्या तारखेला, कोणत्या खाटेपाशी, तिला काय करताना मी पाहिलं. मग तुलना. मला वाटतं, सिस्टरच्या कागदावर मेहनत आणि वेळेवर येणं निघेल, तुमच्यावर ॲसेप्सिस (निर्जंतुकपणा) किंवा औषधांचा हिशेब निघेल, आणि ३८ देणाऱ्या ताईंनी बहुधा फार काही पाहिलेलं नसेल. खात्री नसली की आपला हात मधल्या आकड्यावर जातो. ज्या बाबीला कुणाकडेच प्रसंग नसेल, तिचे मार्क तिघींनीही मागे घ्या आणि त्या बाबीसाठी तिला पुढच्या पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात दोन वेगळ्या पेशंटपाशी पुन्हा पाहा, एकदा तुम्ही आणि एकदा सिस्टर. तुमच्या २८ लाही हाच नियम लावा. मग मुलीला बोलवा, तिच्यासमोर तिन्ही कागद ठेवा, आणि आधी सिस्टरनी लिहिलेलं वाचून दाखवा. महिनाभर तिने जे काम केलं ते कुणीतरी पाहिलं होतं, हे तिला आधी कळू दे. त्यानंतर तुमचा कागद वाचा.